पोकॉकबाईंचा ओढा

आमच्या गावात बोलवा आहे की नवऱ्याने पुरून ठेवलेली दारू शोधायला पोकॉकबाई शिवारभर काठी टोचत फिरतात. साफ खोटं. त्यांचा नवरा दारू पुरून ठेवणाऱ्यातला नव्हता, आणि बाई शोधतात तो ओढा. कुठल्याशा राजाने हजार वर्षांपूर्वी आमची जमीन मठाला दिली, तेव्हा दानपत्रात शीव सांगितली: काटेझाडापासून खड्ड्यापर्यंत, तिथून ओढ्याओढ्याने पाणथळीतल्या ऑल्डरच्या झाडांपर्यंत. झाडं आजही आहेत, ओढा नाही.

हेस्टर पोकॉक म्हणजे जन्मभर मटणाच्या दुकानात सुरा चालवलेली बाई. माणसाकडे बघतानाही कुठून कापावं ते ठरवतात. पण ओढ्याहून त्यांना जास्त सलतो सिरिल गॅड, निवृत्त पोस्टमन. त्यानेही तेच दानपत्र वाचलं, स्वतःच्या बागेमागच्या तळ्याशी ती शीव नेली आणि पंचायतीकडून तिथे फलक लावून घेतला. वसंतात सगळं गाव काठ्या आपटत शिवेवरून फेरी काढतं. यंदा पुढे गॅड चालणार होता, फेरी त्याच्या तळ्यावरून जाणार होती, आणि एकदा गेली की शीव तीच.

मी शाळेतून येताना बाई मला कुंपणापाशी अडवायच्या. "गॅडचा आवाज काढ."

मी नाकात बोलायचो, "हेस्टर, ओढा सापडला की कळव हं. टॉवेल घेऊन येतो."

"असंच म्हणाला?"

"अगदी असंच."

"फलक पुसतो म्हणे?"

"रोज सकाळी. रुमालाने."

"स्वतःच्या?" बाईंचा चेहरा आंबट झाला. "अरे, जुन्या इंग्रजीत तळं म्हणजे 'मेरे' आणि शीव म्हणजे 'मॅरे', कानाला सारखेच. त्याच्याकडे तळं, म्हणून त्याला तळं ऐकू आलं. आपली मेरीब्रुक गल्ली बघ. ही मेरी कुणी बाई नव्हे. मेरी म्हणजे शीव, ब्रुक म्हणजे ओढा. शिवेचा ओढा तो."

"त्या गल्लीत थेंब नाही, पोकॉकबाई. पाणी निघालं तर मला तिथेच उलटं करून टेकवा."

पूर्वी फेरीत पोरांना असंच उलटं धरून शिवेच्या खुणेवर डोकं टेकवायचे. त्याने पोरं जागा विसरत नाहीत म्हणतात.

यंदाचा हिवाळा भिजका गेला. फेरी मेरीब्रुक गल्लीतून तळ्याकडे निघाली, पुढे गॅड, नवे बूट. ऑल्डरच्या झाडांपाशी त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. कुंपणाखालून स्वच्छ पाणी झाडांकडे वाहत होतं.

"नळ फुटला असेल," गॅड म्हणाला.

"या गल्लीत नळच नाही, सिरिल. टॉवेल आणलायस ना?"

पाद्रीबुवांनी तिथेच फेरी ओढ्याच्या कडेने वळवली. गॅडचं तळं बाजूला राहिलं. बाई खूश दिसेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिला पाय त्याचा पडला ना. आता लोक म्हणतील, गॅडला सापडला." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तू काय बोलला होतास रे, टवाळा?"

माझा एक पाय त्यांनी धरला. दुसरा गॅडने धरला, त्या नको म्हणत असताना. डोकं पाण्याला टेकलं तेव्हाही दोघं वर भांडत होते, कुणी जास्त उंच धरलंय यावरून.