अब्बास कंपाउंडरची डेगची

नाशकातील काझीपुऱ्यात राहणारे अब्बास कंपाउंडर अत्यंत मितभाषी गृहस्थ. औषधाच्या बाटल्यांवर मात्रांच्या कागदी पट्ट्या चिकटवण्यात त्यांची बावीस वर्षे सरली होती. सन १९३४च्या वैशाखात त्यांची सहा वर्षांची लेक रेहाना शिळ्या भाताने एका दिवसात गेली, आणि या शांत पुरुषाने डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूशी वैर धरले.

काचेच्या बशीत मांसरस व चिनी गवत म्हणजे आगर यांची खळ गोठवावी, तिच्यावर नासक्या अन्नातले जंतू पसरावेत आणि मधोमध खळगा पाडून त्यात एखाद्या पाल्याचा रस भरावा, असे त्यांचे व्रत चाले. दुसऱ्या दिवशी जंतूंची पांढुरकी साय खळग्याच्या काठापर्यंत आलेली असे. निरगुडी हरली, अडुळसा हरला, पेरूचा पालाही हरला. हे सारे पाले ते खलात कुटत. चिंचेचा कोवळा पाला मात्र पुष्कळ निघाला, म्हणून कोपऱ्यात रिकामी पडलेली तांब्याची डेगची त्यांनी घेतली व तो तिच्यात दोन दिवस भिजत घातला. त्या रसाने खळग्याभोवती रुपयाएवढे स्वच्छ कडे उमटवले. तीनदा पाहिले, तीनदा कडे. अब्बासमियांचे डोळे भरून आले.

खाणावळवाल्या मालनबाईंच्या कानी ही वार्ता गेली. उन्हाळ्यात त्यांची आमटी दुपारीच आंबत असे.

"तुमच्या हातचं पाणी माझ्या गिऱ्हाइकांना चालत नाही हो अब्बासभाई," त्या हसत म्हणाल्या, "पण औषध चालतं!"

"चार चमचे, बाई. अधिक नको."

बाटली पदराआड गेली.

त्याच सायंकाळी अब्बासमियांनी आणखी एक बशी मांडली. डेगची दिसेना, म्हणून या खेपेस पाला काचेच्या बरणीत भिजवला होता. सकाळी पाहतात तो साय काठोकाठ, कडे नाही. चिंच तीच, जंतू तेच.

"हुस्नबानो, कोपऱ्यातली डेगची कुठं आहे?" त्यांनी पत्नीला विचारले.

"कल्हईवाल्यानं नेली, चार दिवस झाले. त्याच्यासाठीच बाजूला काढली होती मी. आत नुसतं तांबं उघडं पडलं होतं." मग तिचा स्वर उतरला. "अजी, तिच्यात आंबट तर घातलं नव्हतं ना तुम्ही?"

जंतू मारले होते ते पाल्याने नव्हे; आंबट रसात उतरलेल्या तांब्याच्या विषाने.

अब्बासमिया अनवाणीच धावले. खाणावळीत दुसरी पंगत बसत होती.

"या, या! सगळीच ओतली बाटली, म्हटलं चांगली टिकू दे," मालनबाई म्हणाल्या. "पण चव बिघडली हो. कळकल्यासारखी लागते."

अब्बासमियांनी पातेल्याला दोन्ही हात घालून ते मोरीत उपडे केले. हात पोळले. पहिल्या पंगतीला कोण होते, एवढेच त्यांनी विचारले.

अकरा जण होते. दिवेलागणीपर्यंत दहा सापडले. ओकून ओकून गळालेले, पण जिवंत.

अकरावा सोमा. पेठकडचा, मोळ्या विकायला आलेला.

"तो तर दुपारच्या मोटारीनं गेला," मालनबाई पुटपुटल्या. "लेकीला आवडते म्हणून डबा भरून आमटी नेली त्यानं. केवढी रे, म्हटलं, तर म्हणाला, सा वर्साची हाय."

पेठची पुढची मोटार सकाळी होती. अब्बासमियांनी पोळलेल्या हातांना फडके गुंडाळले आणि ते पेठच्या रस्त्याने चालू लागले.