चौऱ्याण्णव टक्के आणि चाळीसपैकी सात

आरतीचा गणिताचा पेपर मी दुसऱ्यांदा तपासला. बेरीज बरोबर होती. चाळीसपैकी सात.

टॅबवर याच धड्यांत तिला चौऱ्याण्णव टक्के होते. सातवीतली, वारज्यातल्या आमच्या शाळेतली, शांत मुलगी. आठवीच्या स्कॉलरशिपच्या बॅचमध्ये वीसच मुलं घेतात आणि तिला त्यात यायचं होतं. निवड या लेखी चाचणीवरच होती.

टॅब आणि डिजिटल फळा त्याच वर्षी आले होते. मी त्यांच्या विरोधात नव्हतो. घनाची घडी उलगडून सहा चौरस कसे होतात, हे बावीस वर्षं मी खडूनं काढून दाखवलं. त्या फळ्यावर ते मुलांना अर्ध्या मिनिटात कळलं. त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आरतीशेजारी बसलो आणि टॅबवर अपूर्णांक सोडवायला सांगितले. तिनं पेन्सिल हातात घेतलीच नाही. पहिला पर्याय दाबला, लाल. दुसरा, लाल. तिसरा दाबल्यावर हिरवा झाला आणि टाळ्या वाजल्या.

"अगं, गणित कुठे केलंस?"

"सर, हिरवं झालं की मार्क मिळतो. सगळे असंच करतात."

मी हिशेब केला. पन्नास प्रश्नांपैकी सत्तेचाळीस पर्यायांचे, तीन उत्तर टाइप करायचे. सत्तेचाळीस म्हणजे बरोबर चौऱ्याण्णव टक्के. टाइप करायचे तिन्ही तिचे चुकले होते.

टॅबच्या कंपनीला फोन केला. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, रीट्राय, म्हणजे बरोबर येईपर्यंत पुन्हा उत्तर द्यायची सोय, ऑन आहे, मुलांचा कॉन्फिडन्स टिकावा म्हणून. बंद करता येतं, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ट्रेनिंग अर्ध्या तासाचं झालं होतं. हजेरीवर माझी सही आहे.

आता माझी चूक. शनिवारी कच्च्या मुलांचा जादा तास असतो. आधी मी बाकांमधून फिरून वह्या बघायचो. कोणाची पेन्सिल कुठे अडते, कोण खोडरबर जास्त वापरतं, यावरून नावं ठरायची. एक्कावन्नांच्या वर्गात सतरा-अठरा निघायची. त्या वर्षी यादी टॅबनं दिली, साठ टक्क्यांच्या खालची. चार नावं. चौघंही बरेच दिवस गैरहजर असलेली. मला संशय यायला हवा होता. मला शनिवार हलका झाल्याचा आनंद झाला.

एका शनिवारी आरती आपणहून दारात येऊन उभी राहिली होती. मी रिपोर्ट बघितला आणि म्हणालो, "तुझं नाव नाही यात. चौऱ्याण्णव आहेत तुला. जा घरी." ती गेली.

मी हेडमॅडमकडे गेलो. म्हटलं, रिपोर्ट फुगलेले आहेत. सहा आठवडे शिकवतो, मग फेरचाचणी घेऊ आणि त्यावर बॅच ठरवू.

"गायकवाड सर, चार महिने त्या रिपोर्टवर सही कोण करत होतं?"

"मी."

"तेव्हा आकडे आवडत होते तुम्हाला." त्यांनी शाळेच्या नव्या प्रवेशांचं जाहिरातपत्रक माझ्यापुढे सरकवलं. वर्गाची डिजिटल सरासरी त्यावर छापून झाली होती. "फेरचाचणी घेतली की पालक विचारणार, आधीचं काय होतं. काय सांगू?"

मी पत्रक परत सरकवलं आणि वर्गावर गेलो. फेरचाचणी झाली नाही.

आरतीचे वडील हिंजवडीला एका आयटी कंपनीची बस चालवतात. पालकसभेला सुट्टी टाकून आले होते. मी त्यांना रीट्राय म्हणजे काय ते सांगितलं, यादीचं आणि त्या शनिवारचंही सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, आरतीला शनिवारी पाठवा, मी शिकवतो.

"राहू द्या सर. ती म्हणते, मला गणित येतच नाही. आम्हाला वाटायचं येतं. तुम्हालाही वाटायचं ना?"

ती आली नाही. बॅच तिच्याविना भरली.

रीट्राय मी माझ्या वर्गापुरतं बंद करून घेतलं. सरासरी घसरली आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. पुढच्या वर्षीपासून शाळेनं बॅचची निवडचाचणीही टॅबवर घ्यायचं ठरवलं, रीट्राय ऑन ठेवून. त्यामुळे आता बाकीच्या वर्गांत रोजचे आणि निवडचाचणीचे गुण जुळतात आणि पालकांची तक्रार येत नाही.

नवीन शिक्षकांना मी एवढंच सांगतो: मूल दारात येऊन उभं राहिलं, तर रिपोर्ट उघडू नका, वही उघडा.