विकायला काढलेली लाकडी गाडी

शिवऱ्याच्या सावळारामाने उभ्या जन्मात एकच मोटार चालवली, आणि तिच्यासाठी तो जेवढा झिजला तेवढा माझ्यासाठी झिजला नाही, असं त्याची बायको सगुणाबाई येईल त्याला सांगायची. गाडीचं नाक तेवढं लोखंडाचं. मागचं सगळं अंग सागवानी, दारं लाकडाची, खिडक्यांच्या चौकटी लाकडाच्या, छतालाही आतून पट्ट्या. ती मूळची भोरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराची. सावळाराम त्याच्याकडे गुरं राखायला लागला आणि ड्रायव्हर झाला. ठेकेदार थकला, मुलं परगावी गेली, तेव्हा गाडी सावळारामाच्या नावावर करून तो मोकळा झाला. गावाला वाटलं, लॉटरी लागली. मला विचाराल तर त्याने दारात हत्ती बांधून दिला.

मी त्याचा शेजारी. पुढं एसटीत कंडक्टर झालो, पण मी पोर होतो तेव्हा पावसाळ्यात वेल्ह्याकडची एसटी निम्म्या वाटेवरून मागं फिरायची. मग अडलेली बाई भोरच्या दवाखान्यात न्यायला हीच लाकडी गाडी. माझी धाकटी बहीण हिच्या मागच्या बाकावर जन्मली. कळा सोसताना आईने दाराची पट्टी अशी आवळली होती की हातातली काकणं फुटून लाकडाला चरे पडले. त्या चऱ्यांवरून मी मोठेपणीही बोट फिरवलेलं आहे. त्यांच्या शेजारी बाजाराला नेलेल्या बकऱ्यांनी शिंगं मारून पाडलेले खड्डे होते आणि लग्नांच्या हळदीचे डाग होते. सावळाराम कुणाला नाही म्हणाला नाही. म्हणूनच तो कधी वर आला नाही, हेही खरं.

पुढं इंजिनातलं काहीतरी मोडलं, ते कुठं मिळेना. गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली ती राहिलीच, आणि सावळाराम बैलांच्या खरेदी-विक्रीत शिरला. त्यात त्याने नाव काढलं. त्याचा बैल बाजारात उभा राहिला की माणसं वळून बघायची. विकायचं जनावर तो आधी नदीवर घासून धुवायचा, शिंगं साळायचा, म्हणजे वरचा खरबरीत थर काचेने खरवडून गुळगुळीत करायचा, मग त्यांना लाल हिंगूळ लावायचा आणि नाकात नवी वेसण घालायचा. आपल्या दावणीचं जनावर मळकं गेलं तर आपलंच तोंड मळलं, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे हे काही त्याच्या एकट्याचं नाही. दारातून जाणारी वस्तू उजळून द्यावी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलाने, रोहिदासने, त्या छपराच्या जागेवर हॉटेल काढायचं ठरवलं. जागा हायवेला लागून. त्याने बापाला स्पष्ट सांगितलं, "आण्णा, गाडी कुणी न्हेली तर बरं. न्हाई तर म्हैनाअखेर भंगारवाला येऊन कापून न्हेईल." सावळाराम दोन घास कमी जेवायला लागला. त्याला पैशाचं काही नव्हतं. गाडी आख्खी राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

सून स्वप्नाली पोरगी चांगली. तिने मोबाईलवर फोटो टाकले आणि पुण्याच्या एका साहेबाचा फोन आला. जुन्या गाड्यांचा शौकीन. म्हणाला, मी बंगल्यात शेड बांधून ठेवीन, इंजिन चालू करीन, तुम्हाला बसवून फिरवीन. सावळारामाने स्वप्नालीला ते तीनतीनदा सांगायला लावलं.

"पन मामा, त्ये म्हनलं, हाय तशीच ठेवा. धूळबी पुसू नका," ती म्हणाली.

सावळाराम हसला. "गिऱ्हाईक असंच म्हंतं पोरी. धुतलं न्हाई म्हंजी खोडी दिसत्यात, आन भाव पाडाय बरं पडतं. लई बाजार बघितल्यात म्या."

तिने पुन्हा सांगून पाहिलं. पण ज्या माणसाचा आयुष्यभराचा शहाणपणा एका बाजूला आहे, त्याला मोबाईलवरचं बोलणं काय पटणार?

मग म्हातारा कामाला लागला. ऐंशीला टेकलेला माणूस सकाळी काचेचा तुकडा घेऊन बसायचा तो ऊन उतरेपर्यंत. काळवंडलेलं लाकूड त्याने बैलाचं शिंग साळावं तसं साळलं. कुजलेल्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या. खड्डे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले. वर झगझगीत पिवळा ऑइलपेंट दिला. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो आणि मलाही ते झ्याकच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी त्याने पुढच्या जाळीला झेंडूचा हार घातला आणि सगुणाबाईने कुंकू लावलं. त्या सकाळी त्याच्या तोंडावर जे सुख होतं ते मी त्याच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

साहेब आला. गाडीतून उतरला आणि छपराच्या तोंडाशीच थांबला.

"हे काय केलंत तुम्ही?" तो म्हणाला.

"तुमच्यासाठी केलं सायेब. हात लावून बघा, काटा टोचायचा न्हाई."

साहेबाने हात लावला नाही. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही, उलट त्याचा चेहरा पडला. "आजोबा, मला ते जुनं लाकूड हवं होतं. त्यावरचे डाग, ओरखडे. ती गाडी आता राहिलीच नाही." त्याने चहासुद्धा घेतला नाही.

मला त्याचा राग आला आणि अजून जात नाही. चरे पडले ते माझ्या आईच्या काकणांनी, आणि त्यांची हौस ह्याला. आमचं फाटकं-तुटकं आहे तसं बंगल्यात मांडायचं, आणि आम्ही धुतलेले कपडे घालून समोर उभे राहिलो की आमची किंमत गेली. पण चिडून काय होतंय. साहेबाचं चुकलं नाही, त्याने आधीच सांगितलं होतं. सावळारामाचंही चुकलं नाही. चुकलं कुणाचंच नाही आणि गाडी गेली, हे जास्त जाळतं.

महिनाअखेर भंगारवाला गॅसकटर घेऊन आला. रोहिदासच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याने शब्द फिरवला नाही. लाकूड आपल्या उपयोगाचं नाही म्हणून भंगारवाल्याच्या माणसांनी आधी पहारीने दारं उचकटली. सावळारामाने नव्या बसवलेल्या पट्ट्या इतक्या घट्ट होत्या की त्या निघताना जास्त वेळ लागला.

तो माझ्या ओट्यावर पाठ फिरवून बसला होता. लोखंड कापल्याचा वास आला तेव्हा बोलला.

"जल्मात एक जनावर खाटकाला दिलं न्हाई म्या. घेनारा खाटीक हाय असा वास जरी आला, तरी बाजारातनं माघारी आनलं." मग त्याने दोन्ही हात उलटे करून पाहिले. नखांत पिवळा रंग होता. "आन हिला सोताच्या हातानं नटवून दिली."

मी त्याला पाणी दिलं. त्याने ते हातात धरून ठेवलं आणि पलीकडचा आवाज थांबेपर्यंत प्यायला नाही.