वृंदाच्या भुकेसाठी आणलेलं तेल

माझ्या सख्ख्या बहिणीला कतारच्या तुरुंगात पाठवायचा माझा अजिबात विचार नव्हता. मी फक्त फोनवर बोललो होतो!

झालं असं, वृंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, तिसरी केमो झाली आणि तिचं अन्न तुटलं. पाण्याचा घोटसुद्धा उलटून पडायचा. चार दिवस! इंटरनेटवर वाचलं, की काही देशांत अशा मळमळीवर डॉक्टर गांजाचं तेल औषध म्हणून देतात. ते मी सांगलीच्या ताईला सांगितलं. (मला खरं तर रडायचं होतं, पण आम्ही भावंडं रडण्याऐवजी माहिती देतो.)

ताई लगेच आमच्या मदतीला इकडे कतारला निघाली. विमानात बसताना तिचा मेसेज आला : 'वैद्यांकडून ते तेल आणलंय. ह्यांच्या डोक्याच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत भरलंय. काळजी नको.'

काळजी नको! इथे त्याचा थेंब सापडला तरी खलास! मी उलट फोन केला, तर तिचा फोन बंद.

विमानतळावर दीड तास उभा होतो. सगळे बाहेर आले, ताई नाही. बायको आजारी, बहीण आत, आणि दोन्हीकडे डबा पोचवणारा मी! शेवटी ताई आली, हसत.

"बॅग उशिरा आली रे. तू एवढा घामाघूम का?"

"हळू बोल! बाटली कुठाय?"

"चिवड्याच्या डब्यात."

"अगं, इथे जेल होते!"

"औषधाला कसली जेल? वैद्यांची चिठ्ठी आहे की!"

"दाखव."

"सांगलीला. फ्रीजवर लावलीय."

अल गराफापर्यंत, म्हणजे आमच्या घरापर्यंत, मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. घरी चपलाही न काढता बाथरूम गाठलं, अख्खी बाटली कमोडमध्ये ओतली आणि तीनदा फ्लश केलं. मग वाटलं, गटाराचं पाणी तपासत असतील तर? चौथ्यांदा फ्लश!

बाहेर येतो तर दाजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा, व्हिडिओ कॉल. टक्कल चकाकत होतं.

"अगं, माझ्या तेलाला वास कसला येतोय? अर्धी बाटली चोळली की मी!"

ताईने कपाळावर हात मारला. दोन सारख्या बाटल्या, आणि घाईत भलतीच उचललेली! म्हणजे मी चार वेळा फ्लश केलं ते दाजींचं साधं खोबरेल.

सोफ्यावर पडलेली वृंदा हसायला लागली. पोट धरून हसली. आता उलटी होणार म्हणून मी बादली घेऊन धावलो.

"बादली नको हो," ती म्हणाली. "ताई, थोडा मेतकूट-भात कालवता का?"

आठ घास खाल्ले. आठही पोटात राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, कुणाला काहीही माहिती न देता.

पुढच्या तपासणीत मल्याळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाना खाया? क्या लिया था?"

वृंदाने माझ्याकडे बोट दाखवलं. "इनको डरते हुए देखा."

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "अच्छा है. चालू रखो."

तेव्हापासून दर केमोनंतर मी वृंदासमोर बसून घाबरतो. सुदैवाने त्यासाठी मला वेगळे कष्ट पडत नाहीत!