चौदाव्या किचनची ट्रॉफी

कमलिनी कापगते हिने एकोणीस वर्षं डबे दिले. भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर यावं लागेल एवढ्या स्वयंपाकघरात ती रोज अठरा जणांचा स्वयंपाक करायची. प्लांटमध्ये ट्रेनिंगला आलेली पोरं कुठून कुठून यायची आणि वर्षभरात तिच्या वांग्याच्या भाजीला सोकावून जायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मार्केटच्या वळणावर तिची स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडलेली राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, हलकी कामं करा, मोठं पातेलं मात्र आता उचलायचं नाही. मोठ्या पातेल्याशिवाय अठरा डबे होत नसतात. डबे बंद झाले.

बोटांच्या व्यायामाला एक रबरी चेंडू मिळाला होता. तो दिवसातून दोनशे वेळा दाबायचा. पाच दिवसांत कमलिनीला त्या चेंडूचा एवढा वीट आला की तिने तो कपाटावर फेकून दिला. दिवाळीला पुण्याहून मुलगी आली, उन्नती. तिने टीव्हीखाली कापडात गुंडाळून ठेवलेला आपला जुना गेमचा डबा काढला, त्याचा रिमोट आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे दाबत जा. बोटं पण चालतील आणि तू मला दर तासाला फोन पण करणार नाहीस."

उन्नती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून कमलिनी त्या डब्यासमोर बसली आणि तिसऱ्या मिनिटाला चिडली.

पहिल्या गेममध्ये एक माणूस डोंगर चढत होता. तिने बटण दाबलं, तो कड्यावरून खाली पडला, आणि टीव्हीवर घंटी वाजून एक पितळी कप आला. इंग्रजी तिला सावकाश वाचता यायचं. पहिल्यांदा पडल्याबद्दल तुम्हाला ही ट्रॉफी, असं लिहिलं होतं. तिने लगेच मुलीला आवाजी निरोप पाठवला. "पडल्याचं कायचं बक्षीस देऊन राहिले हे? मी मार्केटसमोर पडली तं मले कोणी ग्लासभर पाणी नाई इचारलं."

तेव्हापासून तिला ते लागलंच. दुपारचं जेवण झालं की एक तास गेम आणि मग मुलीला निरोप. गेम कसा आहे यापेक्षा त्यात काय चुकलंय हेच त्या निरोपांत जास्त. शेतीचा गेम मिळाला, तो तिने हौसेने उघडला, कारण तिचं माहेर साकोलीकडचं, धानाचं. तर त्यात धानच नव्हतं. गाजरं होती. गाजर तीन दिवसांत तयार व्हायचं. गावातल्या प्रत्येकाला भेटवस्तू दिली की एक ट्रॉफी मिळणार होती, म्हणून तिने गेममधल्या एका म्हाताऱ्याला आपल्या तिथल्या शेतातलं वांगं नेऊन दिलं. त्याने तोंड वाकडं केलं. पुढचे चार दिवस तो म्हातारा तिच्याशी बोलेना. "येवढं नखरेल माणूस आपल्या पूर्ण खानदानात नाई," तिने पुण्याला कळवलं. पण वीस दिवसांनी तिने त्याला मासा देऊन वळवला आणि ती ट्रॉफी मिळवलीच. सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. चिडायचं आणि करायचं.

मग तिने तो स्वयंपाकाचा गेम उघडला.

त्यात ऑर्डरी येतात, भाज्या चिरायच्या, शिजवायच्या, ताटात वाढून खिडकीतून द्यायच्या. कमलिनीला वाटलं, हे आपलं आहे. पण दहा सेकंदांत भात करपतो, पंधराव्या सेकंदाला शेगडीला आग लागते. ताट धुतलं नाही तर दुसरं ताट नाही. "असं किचन मी चालवलं असतं तं माया दारात भांडणं झाले असते," ती म्हणाली. तरी तेरा किचनं तिने एकटीने पार केली.

चौदावं किचन दोन ट्रकांवर होतं. दोन ट्रक शेजारीशेजारी धावायचे. एकावर भाज्या आणि सुरी, दुसऱ्यावर शेगडी आणि ताटं. मध्येच ट्रक लांब जायचे, मग इकडचं तिकडे देता यायचं नाही. एकही ऑर्डर न चुकवता चार मिनिटं पूर्ण केली तर चांदीची ट्रॉफी. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन खेळाडू हवेत.

तिने वरच्या मजल्यावरच्या रमाला बोलावलं. रमा आली, पहिल्याच मिनिटाला दोन ट्रकांच्या मधून खाली पडली आणि पोट धरून हसत सुटली. पुन्हा पडली, पुन्हा हसली. मग तिला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं आणि ती गेली. कमलिनीने तिला परत बोलावलं नाही. हसणाऱ्या माणसाबरोबर काम होत नाही, असं तिचं मत होतं.

राहिले पुंडलिकराव, तिचा नवरा. ते पोलादाच्या प्लांटमधल्या मिलमध्ये क्रेन चालवायचे. छताखालच्या केबिनमध्ये बसून खालची तापलेली पोलादी प्लेट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवायची, एकतीस वर्षं. बोलणं कमी. सकाळची ए शिफ्ट असली की दोनला सुटून घरी यायचे, जेवायचे आणि पेपर तोंडावर घेऊन झोपायचे.

"अहो, जरासे बसता का?" तिने दुसरा रिमोट पुढे केला.

"दिवसभर मशीनच चालवून आलो ना मी."

"चार मिनिटं. फक्त चार."

ते बसले. चार मिनिटांचे चाळीस झाले. कमलिनी सांगत होती, टमाटर द्या, कांदा द्या, कांदा नाही, टमाटर, अहो ट्रक चालला, तिकडे कायले जाता, ताट, ताट. पुंडलिकरावांचा टीव्हीतला माणूस हातात कांदा घेऊन नुसता उभा होता.

"असे उभे कावून आहे तुम्ही?"

"तू एका टायमाले तीन गोष्टी सांगते. मी कोणची करू?"

"मी एकोणीस वर्षं अठरा डबे काढले एकटीनं. तुमाले एक टमाटर देता येत नाई?"

पुंडलिकरावांनी रिमोट सोफ्यावर ठेवला, बाहेर गेले आणि क्वार्टरसमोरच्या वाफ्यातल्या पालकाला पाणी घालत बसले. पालकाला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

दोन दिवस त्या गेमचं नाव घरात निघालं नाही. कमलिनी दुपारी एकटीच गाजरं काढत बसायची, जोरजोरात बटणं दाबत. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पुंडलिकरावांनी पेपर उचलला नाही. खुर्ची टीव्हीसमोर ओढली.

"हे पाय," ते म्हणाले. "आमच्याकडे नियम आहे. खाली दहा जणं ओरडते, पण मी एकाचाच सिग्नल घेतो. त्यानं एक सांगतलं की मी ते करतो, ते झालं की तो दुसरं सांगते. फक्त थांब म्हणायचा हक्क सगळ्याईले. तू सिग्नल देणार असशील तं फक्त सिग्नल अन् शेगडी पाय. चिरायचं माया ट्रकवर. त्याच्यात तू पडू नको."

कमलिनीच्या ओठांवर आलं होतं की तुम्ही चिरणार म्हणजे झालंच. एकोणीस वर्षांत तिने कोणाला विळीला हात लावू दिला नव्हता. उन्नतीलाही नाही. लोक जाड चिरतात, वेळ खातात, पुन्हा आपल्यालाच निस्तरावं लागतं. पण ट्रॉफी दोन माणसांशिवाय मिळणार नव्हती, आणि रमा वर हसत होती.

"बरं," ती म्हणाली. "टमाटर."

"हो."

टमाटर आला. तिने पातेल्यात टाकला. "कांदा." "हो." कांदा आला. ट्रक लांब गेले तेव्हा पुंडलिकराव काठावर थांबले, धावले नाहीत, आणि ट्रक पुन्हा जवळ येताना बरोबर वेळेवर तीन गोष्टी एकामागून एक सरकवल्या. लटकलेला माल कधी कुठे पोचेल हे त्यांना नुसतं बघून कळायचं. ओरडायचं नसल्यामुळे कमलिनीला पहिल्यांदाच पडद्यावरच्या ऑर्डरींची रांग नीट दिसली. एकदा भात करपला, एकदा ती स्वतःच खाली पडली आणि नवरा काही बोलला नाही, याचाही तिला राग आला. अकराव्या वेळेला चार मिनिटं संपली, सगळ्या ऑर्डरी गेल्या होत्या, आणि घंटी वाजून चांदीचा कप आला.

पुंडलिकरावांनी रिमोट खाली ठेवला. "झालं ना?" ते म्हणाले आणि पेपर शोधायला लागले. पण त्यांचे कान लाल झालेले तिने पाहिले.

तिने पुण्याला निरोप पाठवला, चांगला पाच मिनिटांचा. अर्ध्या तासात उन्नतीचा फोन आला.

"आई, मिळाली ती ट्रॉफी. माझ्या फोनवर आली."

"तुया फोनवर कायले?"

"तू माझ्या प्रोफाइलवरून खेळतेस ना. सब मेरे नाम पे आता है." उन्नती म्हणाली. "तेच सांगायचं होतं. माझा मॅनेजर माझ्या गेमच्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे. त्याला रोज दुपारी दिसून राहिलं की मी तीन वाजता गाजरं काढते. आज त्याने सगळ्यांसमोर विचारलं की भात शिजला का."

कमलिनीला आधी कळेचना. मग कळलं. दोन महिन्यांच्या एक्केचाळीस ट्रॉफ्या, त्या नखरेल म्हाताऱ्याच्या माशासकट, सगळ्या उन्नतीच्या नावावर.

"मंग त्या माया नावावर टाक."

"होत नाही आई. नवीन प्रोफाइल करावं लागेल. शून्यापासून."

"म्हणजे मी काहीच नाई केलं."

"केलंस ना. आम्हाला माहीत आहे."

"तुमाले माहीत असून काय करू?" कमलिनीने फोन ठेवला. पुंडलिकराव पेपरामागून म्हणाले, "तुयी हाजिरी दुसऱ्याच्या नावानं लागली." तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पान उलटलं.

संध्याकाळी ती रागातच लाटायला बसली. पोळ्या जाड झाल्या. पुंडलिकरावांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या, आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "माया नावाचं बी एक प्रोफाइल होते का, इचार तिले."

दुसऱ्या दिवशी उन्नतीने फोनवर एकेक पायरी सांगितली. कमलिनी हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. कमलिनी कापगतेही होतं. "माया नावाची दुसरी कोण आहे?" असं विचारून झालं. शेवटी नावापुढे क्वार्टरचा नंबर लावला तेव्हा ते डब्याने मान्य केलं. पुंडलिकरावांचं नाव पहिल्या फटक्यात मिळालं, त्याचाही तिला राग आला.

स्वयंपाकाचा गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. टीव्हीवर टोपी घातलेला एक आचारी आला आणि सुरी कशी धरायची ते समजावून सांगायला लागला. हे वगळायचं बटण कुठेच नव्हतं. त्याने तिला एक टोमॅटो चिरायला लावला, मग टाळ्या वाजवल्या, मग दुसरा टोमॅटो चिरायला लावला.

पुंडलिकराव खुर्ची ओढून, दुसरा रिमोट घेऊन बसले होते. "काय चिरू?"

"थांबा," कमलिनी म्हणाली. "आजून हा मले शिकवूनच राहिला."