नाव शेवटी

फुटबॉलने माझा डावा गुडघा घेतला आणि चेहरा तेवढा शाबूत ठेवला. कलकत्त्याच्या एका क्लबात चार हंगाम मी करारावर स्टॉपर होतो, म्हणजे समोरच्याला गोलपर्यंत पोचू न देणं हेच माझं काम. ते संपल्यावर नेरूळला बिऱ्हाड केलं आणि नोकरी शोधत फिरताना आमच्या सेक्टरच्या केबलवाल्याने मला हेरलं. नव्वदच्या दशकात केबलवाले आपापलं लोकल चॅनल चालवत. आमचा गावठाणातला, पन्नाशीचा, मला धाकट्या भावासारखं वागवणारा. एका गाळ्यात निळा पडदा, एक कॅमेरा, दोन दिवे. तिथून रोज संध्याकाळी सातला मी थेट लोकांच्या घरात.

मी मॅचेसवर बोलायचो, पण लोक टीव्ही लावायचे वाढदिवसांसाठी. ऑफिसबाहेरच्या पेटीत आईबाप चिठ्ठ्या टाकत. मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, बिल्डिंग, घर नंबर, येण्याजाण्याची रिक्षा. आम्ही सगळं वाचून दाखवायचो. त्यात कुणाला गैर वाटत नसे, उलट घर नंबर राहिला तर तक्रार यायची. मी चिठ्ठ्या आधी बघत नसे. बॉल येईल तसा मारायचा, तशी चिठ्ठी उघडायची आणि वाचायची, याचा मला भारी गर्व. आणि नाव शेवटी घ्यायचो, जरा थांबून. ते माझं खास होतं. नाव येईपर्यंत घराघरात पोरं श्वास रोखून बसतात, असं लोक सांगत, आणि मी शेफारून जाई.

त्या वर्षी खाडीकडच्या सेक्टरांतल्या दुसऱ्या एका केबलवाल्याचा आमच्या भागावर डोळा होता. गच्च्यांवरच्या वायरी कापल्या जाऊ लागल्या. आमच्या एका लाइनमनचा हात मोडला. धंदा सोड, असा निरोप यायचा आणि आमचा मालक तो हसण्यावारी न्यायचा. मला वाटे, ही त्यांची आपसातली भानगड, मी बापडा फक्त बोलणारा.

एका संध्याकाळी मी तिसरी चिठ्ठी उघडली. आठ वर्षांची मुलगी, तिसरीत, दोन वेण्या. रिक्षात डाव्या बाजूला बसते. पाऊण वाजता पाण्याच्या टाकीजवळ उतरते आणि तिथून घरापर्यंत एकटी चालत येते. मी हसत हसत वाचत होतो. तिच्या लाल दप्तराला बाबांनी कलकत्त्याहून आणलेला चिमुकला फुटबॉल लटकतो. तिथे मी वाचता वाचता थांबलो. खाली नाव माझ्या लेकीचं होतं. तिचा वाढदिवस होऊन दोन महिने झाले होते. मी नाव गिळलं, चौथी चिठ्ठी उघडली आणि हसू तसंच चेहऱ्यावर ठेवलं.

घरी लेक दारातच उभी होती. "बाबा, ती मीच होते ना? मग नाव का नाही घेतलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीत गेलो. हवालदाराने चिठ्ठी दोनदा वाचली, यात धमकी कुठे आहे, शुभेच्छाच तर आहेत, असं म्हणून परत दिली. त्या खाडीकडच्या लोकांना दप्तराचं कळलं कसं, असं बायकोने विचारलं, तेव्हा मला आठवलं. वाढदिवसाला मीच लेकीला गाळ्यात कॅमेऱ्यासमोर माझ्या खुर्चीत बसवलं होतं. तिचं दप्तर सगळ्यांना दाखवलं होतं, रिक्षातली डावी जागा ती कुणाला देत नाही म्हणून चेष्टा केली होती, टाकीपासून एकटी येते म्हणून कौतुक केलं होतं. तिच्यावर पाळत ठेवायची गरजच कुणाला पडली नव्हती.

मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. मी हाय ना." आणि होताही. महिनाभर रोज पाऊण वाजता तो टाकीपाशी स्कूटर लावून उभा राही, लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून तिला दारापर्यंत सोडी. तरी माझी भीती जाईना. आता चिठ्ठी उघडली की मी आधी खालचं नाव बघायचो.

मग एका रविवारी तो दुसरा केबलवाला पेढे घेऊन घरी आला. सोफ्यावर बसला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, कितवीत आहेस म्हणून विचारलं. चिठ्ठीत लिहिलं होतं ते त्याला ठाऊक नसेल कसं? मग मला शांतपणे म्हणाला, "चेहरा तुमचाच पाहिजे. आमच्याकडे या, मग कोणालाच त्रास नाय." चहा येण्याआधीच मी हो म्हटलं. माझ्या मालकाला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. लाइनमनकरवी निरोप पाठवला. त्याची लाज मला तेव्हाही वाटली.

नव्या ठिकाणी जागा मोठी होती, एसी होता, आणि तोवर त्यांची वायर आमच्या सेक्टरात आणि गावठाणातही पोचली होती. पहिल्या दिवशी मी चिठ्ठ्या आधीच वाचून घेतल्या. दुसरीवरचं अक्षर माझ्या लेकीच्या चिठ्ठीवरचंच निघालं. पाच वर्षांची मुलगी, बालवाडीत, गावठाणात देवळाशेजारी घर, आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून येते. माझ्या जुन्या मालकाची नात. नवा मालक कॅमेऱ्यामागे हाताची घडी घालून उभा होता. नाव कसं गिळायचं ते मला येत होतं. पण माझी लेक घरी टीव्हीसमोर बसली होती. मी सावकाश वाचलं, नेहमीसारखा थांबलो आणि नाव घेतलं.

आठवड्याभरात जुन्या मालकाने सगळ्या लाइनी सोडून दिल्या. कुठल्याच मुलीला काही झालं नाही, असं मी आजही स्वतःला सांगतो.

वर्षभराने तो मासळीबाजारात समोरून आला. मी नजर चुकवणार, एवढ्यात त्याने माझ्या लेकीची चौकशी केली, आता कितवीत गेली वगैरे. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "त्या दिवशी आमी सगली टीवीसमोर बसलेलो. तू नावाआधी थांबलास ना, तवा आमची पोर टाल्या वाजवत व्हती."