बैलानं खाल्लेले पांडव

"आवं धरा, दावं धरा त्येचं!" आसं वरडत मी बांधावरनं पळत सुटले, काखंत लेकरू, पदर मातीत घासूलालता, आन् कोपीपाशी येऊन बगते तर आमचा तांबडा बैल कोपीत मुंडकं घालून उबा. नाकाला चुना, व्हटाला लाल काव. आत पाच पांडव मांडले व्हते, त्यातल्या दुसऱ्याची जागा मोकळी, आन् तिसऱ्याचं निस्तं कमरंखालचं राह्यलेलं. ते बी त्यानं माज्या डोळ्यादेखत जिभंनं वडलं आन् कुरूम कुरूम करून गिळलं.

येळवस, म्हंजे मार्गशीर्षातली येळ आवस व्हती. आमच्याकडं येळवसेला समदं गाव शेतात आसतंय. कडब्याची कोप उबी करायची, आत पाच पांडव मांडायचे. पांडव म्हंजे दगडच, चुन्यानं पांढरे केलेले, वर कावेची बोटं. त्येंची पूजा व्हायची, आंबील शेतभर शिंपडायची, आन् मंग बोलावलेल्या माणसांनी पालेभाज्या-शेंगांची भज्जी आन् बाजरीचे उंडे खायचे. पूजा झाल्याबिगर कुणाच्या तोंडात घास पडत न्हाय. आन् माणसं तर आलीच व्हती, पोरासोरांसकट, पलीकडच्या बांधावरनं येताना दिसूलालती.

माज्या मागनं सासू आली, डोस्क्यावर आंबिलीचं मडकं. बैलाचं तोंड बगितलं आन् मडकं धरून तितंच बसली.

"अगं माय! बैलानं देव खाल्ला!"

"देव न्हाय ओ आत्याबाई," मी मनले, "कागद हाय त्यो."

घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप नसतंय. त्या एका बोलण्यानं समदं उघडं पडलं.

"कागद?" सासू मनली. "आन् दुसरा?"

"त्यो कडब्याचा."

आता हे कागदाचे न् कडब्याचे देव कोपीत कसे आले, ते सांगते.

मी चौथी पस्तोर शिकले, मंग लगीन झालं, मंग लेकरू. दोन वर्साखाली तेरला शाळंच्या ओसरीवर बायकांसाठी चित्राचा आन् हातकामाचा वर्ग निघाला. शिकवायला एक बाई यायच्या. आमच्या वस्तीपासून तेर चालत जाण्याजोगं हाय. सासरे निजामाच्या टायमाला उर्दू शाळंत गेलेले, ते मनले, जाऊ द्या, इलम फुकट जात न्हाय. सासू मनली, चुलीपुढचं समदं करून जायाचं. मी समदं करून जायाची. लेकरू पाठीला बांधून जायाची. वर्गात मी रेघ वडायची आन् ते पाटी चाटायचं.

पहिल्यांदा नुसतं कागदावर काढायचं व्हतं. ते मला काय जमलं न्हाय. वाटी काढ मनलं की माजी वाटी कलंडायची. पण एक दिवस बाईंनी एक मातीची भावली दाखवली. तेरला नांगरताना, पांढरीची, म्हंजे जुन्या गावठाणाची, माती उकरताना आसल्या जुन्या वस्तू लई निघत्यात. हाताच्या पंजाएवढी व्हती, पाय मोडलेले, पण कानात मोठाली काकणाएवढी कर्णफुलं, केसाचा अंबाडा, आन् व्हट आसे की आता बोलंल. बाई मनल्या, ही कुणी केली कुणाला ठावं न्हाय, लई जुन्या काळातली हाय. म्या ती हातात घेतली तर पाठीवर बोटाचा ठसा. बारीक बोट. बाईचंच आसणार. मला आसं झालं की बाई गं, तुला येळ कवा भेटला? तुजी सासू काय मनली?

त्या दिसापासून मी जे हाताला लागंल त्येची माणसं कराया लागले.

काळी माती घेतली तर ती वाळली की तडकायची, आमच्या शेताच्या भेगांवाणी. मंग शेजारची पिंजाऱ्याची खाला, तिनं पिंजलेल्या कापसाचा कचरा दिला, त्यो मातीत मळला, तवा कुठं माती धरून बसली. कागद भिजवून उखळात कुटला. त्यात मेथ्या वाटून घातल्या, कीड लागू नये मनून, टोपल्या लिंपताना आमी तसंच करतो. वर जवारीच्या पिठाची खळ. सासू मनली, उखळात तिखट कुटायचं का तुजा रद्दीचा भाजीपाला? कडब्याचं धाट सोललं की आत पांढरं भेंड निघतंय, पोरं त्येच्या गाड्या करत्यात, म्या माणूस केला. बाभळीच्या काट्यांनी हात जोडले, ते काटे लेकराला टोचतील मनून परत काढले आन् खळीनं चिटकवले. चिंध्या वळून, डिंकात बुडवून एक केला. शेणाचा एक केला, त्येला कुणी काय मनलं न्हाय, दिवाळीला शेणाच्या गवळणी करतोच की आमी.

निम्म्या येळा मोडायचं. कागदाचं नाक तर रोज गळून पडायचं. पण मोडलं की मला रडू येत नव्हतं, हात शिवशिवायचे. घरातलं दुसरं काय मोडलं की बोलणी बसायची, हे मोडलं तर माजं मोडलं.

बाईंनी सांगितलं, धाराशिवला सरकारी परीक्षा हाय. एकाच घाटाच्या पाच वस्तू न्यायच्या, पाच जिनसांच्या. पास झाली तर म्होरल्या वर्गाला घेत्यात, मंग हीच विद्या शाळंत पोरांना शिकवता येती. जी जाणार न्हाय तिचा वर्ग तितंच सुटला. परीक्षा नेमकी येळवसेच्या दुसऱ्या दिवशी.

आन् सासरे मनले, "एवढं शिकलीस तर औंदाचे पांडव तूच कर की. आमाला बी दिसू दे तुजा इलम. आन् मंग जा तुज्या इम्तेहानाला."

म्या परीक्षेसाठी केलेल्या त्या पाच माणसांचेच पांडव केले. माती, कागद, भेंड, शेण, चिंध्या. वरनं चुना दिला, कावेनं डोळे, नाक, तोंड काढलं. चुना दिल्यावर कोण कशाचा, माज्याबिगर कुणाला कळत नव्हतं. सासूनं तोंडं बगितली आन् मनली, "देवाला तोंड कशाला? तोंड आलं की मागणं आलं." पण सासऱ्यांनी सांगितलेलं, मनून गप बसली.

आन् आता दोन देव बैलाच्या पोटात.

माणसं कोपीपाशी गोळा झाली. सासू समद्यांना सांगूलालती, "मेथ्या घातल्या व्हत्या हिनं! देवात मेथ्या! वर पिठाची खळ! बैल काय सोडतोय व्हय?"

एक जण मनला, "औंदा ह्यो एकटाच समदं रान नांगरणार बगा. दोघं पांडव हायत आत."

खाला तोंडाला पदर लावून हसली. "अगे, बैल कू क्या मालूम, देव है की कडबा है. हमना कू मालूम नै हुआ तो उसकू कैसा होना?"

नवरा खाली मान घालून बैलाचं दावं गुंडाळूलालता. मनला, "तुला कुणी सांगितलं व्हतं ह्ये उद्योग कराया?"

"दावं सैल कुणी बांधलं?" मी मनले. काखंतलं लेकरू रडाया लागलं. पण मी मनले. चार माणसांत नवऱ्याला आसं कवा बोलले नव्हते.

सासू उठली. कोपीच्या कडब्याला हात लावून मनली, "हिकडं ये. इथं हात लाव आन् सांग, उद्या धाराशिवला न्हाय जाणार. तेरला न्हाय जाणार. मंग पूजा करू."

"शपथेचं राहू द्या," सासरे मनले. "माणसं उपाशी हायत. तीन हायत, दोन दगड आणा, मांडा आन् उरका."

जुने दगड बांधालाच पडले व्हते. नवऱ्यानं दोन आणले. तीन माजे आन् दोन दगड आसे पाच मांडाया लागले. आन् तवा माज्या ध्यानात आलं. आमच्यात पूजा झालेला पांडव जागचा हलवत न्हाईत. त्यो त्या शेताचा झाला. पावसात इरघळला तर इरघळला, पण उचलायचा न्हाय. तसं म्या आदी सासऱ्यांना इचारलं व्हतं, ते मनले व्हते, त्येचा तोडगा मी काढीन, पाच दगड जागेवर ठिवू आन् तुजे घिऊन जा. पण आता सासू कुणाचा तोडगा ऐकणार नव्हती, आन् सासरे बी भुकेल्या माणसांकडं बगूलालते. हळदीचं बोट एकदा टेकलं की उद्या माज्या हातात काय बी न्हाय.

सासूनं हळदीत बोट बुडवलं.

मी लेकरू खालाकडं दिलं, वाकले, आन् तिघं बी उचलून पदरात घेतले.

सासूचं हळदीचं बोट तसंच वर राह्यलं.

"देव उचलतीस?" सासू मनली.

"आजून पूजा न्हाय झाली. पूजा व्हईपस्तोर ते माजे हायत. तुमचे देव ते बांधाला हायत, आजून तीन, ते मांडा. त्येंना तोंड बी न्हाय आन् त्येंना बैल बी खात न्हाय."

"ठिव खाली," नवरा मनला.

"न्हाय ठिवत."

माजे पाय आसे कापूलालते की पदरातले पांडव एकमेकावर आपटूलालते. मातीच्याचा कान उडला. मी तशीच उबी राह्यले. बिनचुन्याच्या दगडांची पूजा झाली. आंबील शिंपडली. पंगत बसली, मला कुणी ये मनलं न्हाय. खालानं लेकरू परत देताना त्येच्या दुपट्यात एक उंडा सारला आन् मनली, "खा ले. भूके पेट जिद नै होती."

हितं थांबलं आसतं तर बरं झालं आसतं. पण सकाळी बैल उठला न्हाय. डावी कूस फुगलेली, डोळे मोठे, वैरणीला तोंड लावंना. सासूनं त्येच्या कपाळाला हळद लावली आन् गळ्यात पडून रडली. तिचं रडं खोटं नव्हतं. दोनच बैल आमचे. ह्यो गेला तर औत कुणाच्या जीवावर? सासऱ्यांनी त्याला नळीनं तेल पाजलं, ताकात हिंग पाजला. माज्याकडं बगून मनले, "आज ऱ्हा, पोरी." रागानं न्हाय मनले. रागानं मनले आसते तर मला सोपं गेलं आसतं.

यष्टी फाट्यावर येती. फाटा आमच्या दारातनं दिसतोय. धूळ उडताना दिसली.

मी बैलाजवळ बसले, त्येच्या कुशीवर हात ठिवला. ढोलावाणी कडक. मला इतकं भ्या वाटलं की मी मनातल्या मनात त्या दगडांची माफी मागितली. आन् हात ठिवल्या ठिवल्या मला हे बी कळलं की मी आज हितं बसले तर उद्या बी हितंच बसणार. बैल बरा झाला तर बैलाची कृपा मनून बसणार, मेला तर पाप मनून बसणार. माज्या हातानं त्येचं पोट उतरणार नव्हतं. तेल तर पाजलंच व्हतं.

मी उठले. लेकरू काखंत, गठुडं हातात. नवरा दारात उबा. आडवा आला न्हाय, बाजूला बी झाला न्हाय. मी अंग चोरून त्येच्या कडंनं निघाले आन् पळाले.

परीक्षेला एक सायब व्हते. तीन वस्तू बगून मनले, "बाकीच्या दोन?"

"बैलानं खाल्ल्या," मी मनले.

ते हसले न्हाईत. लिवून घेतलं, काय लिवलं ठावं न्हाय. मातीचा उचलून, उडलेल्या कानावर बोट फिरवत मनले, "हा कशानं मोडला?" मी मनले, "माज्याच पायांनी. कापूलालते." निकाल आजून लागायचाय.

सांजच्याला घरी आले तर बैल उबा व्हता, कडबा खाऊलालता. पोट दुपारीच मोकळं झालेलं. सासरे मनले तेलानं झालं. सासू मनली तिनं नवस बोलला त्यानं. मी मनले, कागद व्हता, कागदावाणीच बाहेर पडला. त्यावर नवऱ्याला हसू आलं, पण सासू बगूलालती मनून त्यानं ते खोकल्यात घातलं.

त्या दिवसापासून सासू माज्या हातचं पाणी घेत न्हाय. मी तांब्या ठिवते, ती उठून सवता भरून घेती. तेरला मी जाते. जाताना ती रोज एकच इचारती, ओसरीवर बसून, मोठ्यानं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल आसं: "आन् बैल मेला आसता तर?"

मेला आसता तर मी आज तोंड वर करून हे सांगत बसले नसते, येवढं खरं. पण यष्टी आली तवा त्यो मेलेला नव्हता आन् बरा बी नव्हता, आन् यष्टी कुणासाठी थांबत न्हाय. मला भ्या वाटत व्हतं, आजून वाटतंय, तरी मी ह्येच करीन. तुमी बायकांनो, तुमी बाप्यांनो, घरी निवांत बसून हे ऐकणाऱ्यांनो, तुमीच सांगा. काखंत लेकरू, हातात गठुडं, एकीकडं फुगलेला बैल आन् एकीकडं फाट्यावर धूळ. तुमी काय केलं आसतं?